तबेल्यातील शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. कौलारू छप्पर, ओसरी, घंटा आणि वर्गावर्गांतून येणारा पाढ्यांचा आवाज. आज मी ज्या शाळेची हकिकत आपणांस सांगणार आहे, ती घोडे बांधण्याच्या एका रिकाम्या तबेल्यात भरत असे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पेनोला नावाचे एक आडगाव, साल १८६६ आणि शिक्षिका चोवीस वर्षांची. तिचे नाव मेरी मॅकिलप. १७ ऑक्टोबर २०१० रोजी रोम येथे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद जाहीर केले. ऑस्ट्रेलियातील ती पहिली संत होय.

परंतु संतांची स्तुती करावयास मी येथे आलेलो नाही. मी एक साधा शिक्षक आहे. या बाईच्या आयुष्यात असा एक प्रसंग आला, की ज्या ख्रिस्तसभेने पुढे तिला संत म्हटले, त्याच ख्रिस्तसभेच्या एका बिशपांनी तिला बहिष्कृत केले होते. तो प्रसंग का आला आणि त्यातून ती कशी गेली, हे प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावे असे मला वाटते.

मेरीचा जन्म १५ जानेवारी १८४२ रोजी मेलबर्न शहराच्या फिट्झरॉय भागात झाला. आईबाप दोघेही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आलेले कॅथलिक. वडील अलेक्झांडर हे धर्मगुरू होण्यासाठी रोमला शिकलेले, पण दीक्षा घेण्यापूर्वीच परतलेले. विद्या होती, बाणेदारपणा होता. व्यवहार मात्र साधला नाही. शेत गहाण पडले, घर गेले आणि आठ भावंडांचा हा संसार नातेवाइकांच्या आश्रयाने इकडून तिकडे फिरत राहिला. मेरी सर्वांत थोरली. कोवळ्या वयातच ती मेलबर्नच्या एका कागद-पुस्तकांच्या दुकानात नोकरीस लागली आणि तिची मिळकत घरखर्चात जाऊ लागली. गरिबी म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. धाकट्या भावंडांची फी कोठून भरावयाची, या प्रश्नाबरोबरच ती वाढली.

१८६० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती पेनोलास आपल्या आत्याच्या घरी मुलांना शिकविण्यासाठी गेली. त्या घरातील मुलांना शिकविता शिकविता तिने आसपासच्या मजुरांच्या मुलांनाही जवळ बसविले. येथेच तिची फादर ज्युलियन टेनिसन वूड्स यांच्याशी गाठ पडली. वूड्स हे लंडनचे. धर्मगुरू असून ते भूगर्भशास्त्राचेही व्यासंगी अभ्यासक होते. त्यांचे धर्मक्षेत्र सुमारे २२,००० चौरस मैलांचे होते. आपल्या गोव्यासारखे पंधरा प्रदेश त्यात सहज मावले असते. एवढ्या मुलखात हा एकटा धर्मगुरू घोड्यावरून हिंडत असे आणि जेथे जाई तेथे त्याला एकच दृश्य दिसे. मेंढपाळांची, मजुरांची, लाकूडतोड्यांची मुले रानोमाळ वाढत होती आणि त्यांना अक्षरओळख करून देणारे कोणी नव्हते.

याचे कारण थोडे समजून घेतले पाहिजे. दक्षिण ऑस्ट्रेलियात धार्मिक संस्थांना मिळणारी सरकारी मदत १८५१ सालीच बंद झाली होती. कॅथलिक लोक बहुतांशी गरीब, त्यांतही आयरिश मजूर अधिक. युरोपातून येणाऱ्या धर्मभगिनींच्या संस्था शहरांत मोठे मठ बांधून राहत. त्यांच्या शाळा चांगल्या असत, परंतु त्या चालविण्यास फी लागे आणि फी देणारा वर्ग शहरातच भेटे. रानातल्या वस्तीवर पंचवीस मुलांसाठी मठ कोण बांधणार? वूड्स आणि मेरी यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते आज ऐकावयास सोपे वाटते. मठच बांधावयाचा नाही. दोन-दोन, तीन-तीन भगिनींनी गावकऱ्यांसारख्याच झोपडीत राहावयाचे आणि गाव खाईल ते खावयाचे.

घरची जबाबदारी असल्यामुळे मेरीला हे काम हाती घेण्यास थांबावे लागले. मध्यंतरी तिने व्हिक्टोरिया प्रांतात पोर्टलंड येथे शिक्षिकेची नोकरी केली. अखेर १८६६ साली ती अ‍ॅनी आणि लेक्सी या आपल्या दोन बहिणींसह पेनोलास परतली. जागा मिळाली ती तबेल्याची. त्यांच्या भावाने तो झाडून, डागडुजी करून राहण्याजोगा केला आणि पन्नासांहून अधिक मुले तेथे शिकू लागली. त्या वर्षीचा १९ मार्च, म्हणजे संत जोसेफचा सण, हा मेरीच्या संस्थेचा आरंभदिन मानला जातो. पुढच्या वर्षी ती अ‍ॅडलेड शहरी गेली व १५ ऑगस्ट १८६७ रोजी तिने व्रते घेतली. ती आता क्रूसाची सिस्टर मेरी झाली. भगिनींच्या तपकिरी झग्यामुळे लोक त्यांना कौतुकाने ‘तपकिरी जोई’ म्हणू लागले. जोई हे जोसेफ या नावाचे लाडके रूप.

फादर वूड्स यांनी लिहून दिलेल्या नियमांतील तीन गोष्टी मी आपल्यापुढे ठेवतो, कारण पुढचे सारे महाभारत या तीन गोष्टींवरून घडले. पहिली, फी देता येत नाही म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवावयाचे नाही. ज्याला जे देता येईल त्याने ते द्यावे. ज्याला काहीच देता येत नाही, त्याचेही बाक तेथेच. दुसरी, संस्थेने मालमत्ता करावयाची नाही. पोटासाठी प्रसंगी दारोदार मागावे. तिसरी, भगिनींचा कारभार त्यांनी निवडलेल्या एका प्रमुख भगिनीच्या हाती राहील. ज्या प्रांतात शाळा असेल, तेथील बिशपांच्या हाती तो नसेल.

ही तिसरी गोष्ट वरकरणी केवळ कारभाराची वाटते. परंतु तिच्यावाचून पहिल्या दोन टिकल्या नसत्या. ऑस्ट्रेलियासारख्या विस्तीर्ण देशात आज या खाणीच्या गावी मुले वाढली, उद्या त्या रेल्वेच्या कामावर. शिक्षिकेला तेथे जाता आले पाहिजे. प्रत्येक बिशपांनी आपापल्या हद्दीतील भगिनी आपल्याच ताब्यात ठेवल्या असत्या, तर त्या त्या शहराच्या सोयीने शाळा चालल्या असत्या आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ती रानातली मुले पुन्हा रानातच राहिली असती.

काम झपाट्याने वाढले. १८६९ अखेर सत्तरांहून अधिक भगिनी एकवीस शाळा चालवीत होत्या. दोन वर्षांत हा आकडा सुमारे एकशे तीस भगिनी आणि चाळिसांहून अधिक शाळा व आश्रम इतका झाला. शाळांखेरीज अनाथ मुले, निराधार वृद्ध, तुरुंगातून सुटलेल्या स्त्रिया यांच्यासाठीही घरे उघडली गेली. शिकविणे म्हणजे वाचन, लेखन, अंकगणित, हिशेब, शिवणकाम आणि धर्मशिक्षण. पियानो शिकविणे मूळ नियमांत बसत नव्हते, कारण ती त्या काळी श्रीमंतांच्या मुलींची विद्या समजली जाई. पियानोच्या शिकवणीतून पैसा मिळतो, तो का सोडावा, अशी तक्रार तेव्हापासूनच सुरू झाली.

संकटे येण्यास इतरही कारणे होती. इतक्या वेगाने वाढलेल्या संस्थेत काही भगिनींना पुरेसे शिक्षण मिळाले नव्हते, हे नाकारता येत नाही. कर्ज झाले होते. फादर वूड्स हे विद्वान व तळमळीचे खरे, पण हिशेबात कच्चे आणि काही भगिनींच्या साक्षात्कारांवर सहज विश्वास ठेवणारे होते. त्यातच १८७० साली काही भगिनींना कळले की कापुंडा या खाणीच्या गावी एक धर्मगुरू मुलांशी दुराचार करीत आहे. त्यांनी ते वरिष्ठांच्या कानी घातले. त्या धर्मगुरूला देश सोडावा लागला. परंतु त्याच्या एका सहकारी धर्मगुरूच्या मनात भगिनींविषयी कायमचा राग राहिला आणि हा सहकारी पुढे बिशपांच्या मर्जीतला झाला. ज्या कारणांनी पुढील अनर्थ घडला, त्यांत हेही एक होते. मदर मेरी त्या वेळी दूर क्वीन्सलंडमध्ये शाळा उघडण्याच्या कामात होत्या.

अ‍ॅडलेडचे बिशप लॉरेन्स शील हे रोमच्या धर्मपरिषदेहून १८७१ च्या आरंभी परतले. प्रकृती ढासळलेली, भोवती कान भरणारी माणसे. याच बिशपांनी पूर्वी भगिनींचे नियम मान्य केले होते; आता त्यांनी ते बदलावयाचे ठरविले. भगिनींत वरच्या व खालच्या अशा दोन पायऱ्या कराव्यात आणि प्रत्येक मठ स्थानिक धर्मगुरूच्या अधीन असावा, असा नव्या व्यवस्थेचा रोख होता. मदर मेरी यांनी बिशपांना पत्र लिहिले. त्यात उद्धटपणा नव्हता. ज्या नियमांवर आपण व्रते घेतली ते हे नव्हेत; हेच नियम लागू होणार असतील, तर आपल्याला बाजूला होऊन मूळ नियमांप्रमाणे अन्यत्र राहावे लागेल, असा त्याचा आशय होता. त्यांना शहराबाहेर जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा आधी बिशपांची भेट मिळावी अशी त्यांनी विनंती केली. ती विनंती म्हणजेच अवज्ञा ठरली.

२२ सप्टेंबर १८७१ रोजी सकाळी बिशप मठातील प्रार्थनामंदिरात आले. सर्व भगिनींना बोलाविण्यात आले. मदर मेरी गुडघे टेकून बसल्या आणि अवज्ञेबद्दल त्यांना बहिष्कृत केल्याचे बिशपांनी उच्चारले. त्यांचे वय तेव्हा एकोणतीस होते.

आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणजे काय, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. कॅथलिक माणसाला बहिष्काराचा घाव याहूनही आत लागतो. त्याला पापनिवेदन करता येत नाही, ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. ज्या भाकरीवर मन जगते तीच काढून घेतली जाते. मदर मेरी यांना धार्मिक वेष उतरवावा लागला. जवळजवळ पन्नास भगिनींना संस्थेबाहेर काढण्यात आले आणि बहुतेक शाळा बंद पडल्या. ख्रिस्तसभेतील कोणाशीही संबंध ठेवण्यास त्यांना मनाई होती. अशा वेळी बेघर झालेल्या या भगिनींना राहावयास विनाभाडे घर दिले ते इमॅन्युएल सॉलोमन या ज्यू व्यापाऱ्याने. हे सॉलोमन तरुणपणी शिक्षा होऊन कैदी म्हणून ऑस्ट्रेलियात आले होते. अ‍ॅडलेडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनीही मदर मेरी यांच्याकडे पाठ फिरविली नाही. बहिष्कार अयोग्य आहे असे त्यांचे मत होते आणि त्यांनी मदर मेरी यांना संस्कार देणे चालू ठेवले.

या पाच महिन्यांत मदर मेरी यांनी काय केले? त्यांनी वर्तमानपत्रांतून बिशपांवर टीका केली नाही, वेगळा पंथ काढला नाही. त्या दिवसांतील त्यांच्या पत्रांत द्वेष दिसत नाही. मात्र आपले चुकले, असेही त्यांनी म्हटले नाही. मला येथे सर्वांत अधिक शिकण्यासारखे वाटते. आज्ञा पाळणे आणि गप्प बसणे या दोन गोष्टी आपण नेहमी एकच समजतो. मदर मेरी यांनी त्या वेगळ्या ठेवल्या. शिक्षा त्यांनी गुडघे टेकून घेतली. ज्या मतासाठी ती मिळाली, ते मत सोडले नाही.

बिशप शील १८७२ च्या फेब्रुवारीत मरणाच्या दारी होते. आपली चूक त्यांच्या ध्यानी आली व त्यांनी बहिष्कार उठविण्यास सांगितले. २३ फेब्रुवारी रोजी मदर मेरी पुन्हा ख्रिस्तसभेत घेतल्या गेल्या. १ मार्च रोजी बिशप वारले. चौकशी समितीनेही पुढे मदर मेरी यांना निर्दोष ठरविले.

परंतु पुन्हा असा प्रसंग येऊ नये, तर नियमांवर रोमची मोहोर हवी होती. म्हणून १८७३ साली ही बाई एकटीच बोटीने युरोपास निघाली, साध्या वेषात आणि ‘मिसेस मॅक्डोनाल्ड’ या नावाने. रोममध्ये पोप नववे पायस यांची भेट झाली. रोमने निर्णय दिला तो अर्धा गोड, अर्धा कडू. सर्व भगिनींवर एकच प्रमुख असावी, हे मान्य झाले. संस्थेने मालमत्ता करू नये, हा नियम मात्र काढून टाकण्यात आला. निर्णयाची वाट पाहताना त्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये शाळा पाहिल्या, मदत गोळा केली आणि पंधरा आयरिश तरुणींना बरोबर घेऊन १८७५ च्या आरंभी त्या परतल्या.

त्या कडू अर्ध्याची किंमत मोठी होती. आपण लिहिलेले नियम बदलले, हे फादर वूड्स यांच्या मनाला फार लागले. दोघांत जो दुरावा आला, तो १८८९ साली वूड्स वारले तोवर पुरता गेला नाही. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिले, त्याचाच हात सुटला. संस्थेच्या इतिहासातील हे सर्वांत दुःखाचे पान आहे असे मला वाटते. त्यात खलनायक कोणीच नाही.

नियम मान्य झाले तरी बिशपांशी तंटे मिटले नाहीत. बॅथर्स्टच्या बिशपांना भगिनी आपल्या ताब्यात हव्या होत्या. तेथे संस्थेची फाळणी झाली. क्वीन्सलंडचे बिशप हे त्यांचेच बंधू. तेथून १८८० पर्यंत भगिनींना बाहेर पडावे लागले. अखेर १८८३ साली अ‍ॅडलेडच्या नव्या बिशपांनीही मदर मेरी यांना शहर सोडावयास लावले. त्यांच्यावर मद्यपानाचाही आरोप आला. वस्तुस्थिती एवढीच होती की दुखण्यावर वैद्याने औषध म्हणून ब्रँडी सांगितली होती. त्या सिडनीस गेल्या. १८८५ साली सिडनीचे आर्चबिशप मोरान यांनी प्रमुखपदावरून त्यांना दूर करून त्या जागी मदर बर्नार्ड यांना नेमले. पुढील तेरा वर्षे, स्वतः उभारलेल्या संस्थेत, त्या दुसरीच्या हाताखाली राबल्या. याच काळात, १८८६ च्या मे महिन्यात, त्यांच्या आई फ्लोरा यांची बोट किनाऱ्याजवळ फुटली व त्या बुडाल्या. मुलीच्या मदतीसाठी भरणाऱ्या बाजारासाठी त्या सिडनीस येत होत्या.

१८८८ साली पोप तेरावे लिओ यांनी संस्थेला कायमची मान्यता दिली. एकच प्रमुख, एकच मध्यवर्ती कारभार. ज्या गोष्टीसाठी बहिष्कार सोसला, ती अशी पदरात पडली, आणि त्या वेळी मदर मेरी पदावर नव्हत्या. मदर बर्नार्ड १८९८ साली वारल्यावर, १८९९ च्या जानेवारीत भगिनींनी त्यांना पुन्हा निवडले. १९०२ साली न्यूझीलंडमध्ये पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग गेले. तेव्हा ही साठ वर्षांची शिक्षिका डाव्या हाताने अक्षरे गिरवावयास बसली आणि भगिनींना पत्रे लिहू लागली. १९०५ साली त्या पुन्हा निवडून आल्या. ८ ऑगस्ट १९०९ रोजी उत्तर सिडनीत त्यांचा अंत झाला. तोवर संस्थेच्या शंभरांहून अधिक शाळांतून सुमारे बारा हजार मुले शिकत होती.

मृत्यूपूर्वी मोरान त्यांना भेटून गेले. आपण आज एका संताच्या शय्येपाशी होतो, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगतात. लोक कबरीवरची माती घरी नेऊ लागले, तेव्हा १९१४ साली त्यांचे अवशेष प्रार्थनामंदिरात हलविण्यात आले. तेथील दगडी कबर जोआना बार स्मिथ या मैत्रिणीने दिलेली होती. ती प्रेस्बिटेरियन पंथाची होती. पडत्या काळात छप्पर दिले ज्यू माणसाने आणि कबर दिली दुसऱ्या पंथाच्या बाईने, हे विसरता येत नाही. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सिडनीत त्यांना धन्य घोषित केले. २००९ साली अ‍ॅडलेडच्या आर्चबिशपांनी १८७१ च्या बहिष्काराबद्दल जाहीर क्षमा मागितली. एकशे अडतीस वर्षे लागली. पण क्षमा मागितली गेली.

श्रोतेहो, आता एक गोष्ट माझी. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे फी थकलेल्या मुलांची यादी वर्गात वाचून दाखविण्याचा हुकूम आला. मी ती वाचली. चौथ्या नावाचा मुलगा मागच्या बाकावरून उठला, दप्तर खांद्याला लावून काही न बोलता माझ्या समोरून निघून गेला आणि पुन्हा आला नाही. मी स्वतःची समजूत घातली, की वरून आज्ञा होती, माझा काय दोष? आज्ञा पाळणे हा सद्गुणच आहे, असे मला लहानपणापासून धर्मशिक्षणात शिकविलेले. मदर मेरी यांचे चरित्र मी त्यानंतर वाचले. आज्ञेच्या आड लपता येते, हे त्यांच्यामुळे मला कळले. बिशपांपुढे गुडघे टेकणारी ही बाई फी नसलेल्या मुलाला मात्र दारातून परत पाठविण्यास कधी तयार झाली नाही.

ती यादी अजूनही दर वर्षी निघते. नोकरी सोडण्याचे धैर्य माझ्यात नाही, हेही सांगून टाकतो. पण यादी हाती आली की आता मी ती वर्गात नेत नाही. ती घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत जातो आणि एकेका नावाविषयी, त्या मुलाच्या घराविषयी, बसून बोलतो. कधी ऐकले जाते, कधी नाही. तो मागच्या बाकावरचा मुलगा मात्र मला अजून सापडलेला नाही.